सर्व्हर बंद न करता लिनक्सची फाइलसिस्टीम वाढवायची कशी

व्हर्च्युअल मशीनची डिस्क ५० जीबीवरून १०० जीबी केली, लॉगिन करून जागा पाहिली, तर आकडा जुनाच. लिनक्स नव्याने सांभाळायला घेतलेल्यांना हे हमखास भेटतं, आणि पहिला संशय डिस्क वाढवली त्या स्क्रीनवर जातो. डिस्क बहुतेक वेळा खरंच वाढलेली असते. तिच्यावर रचलेल्या थरांना मात्र त्याची खबर नसते.

शेताचं उदाहरण घ्या. बांधालगतची जमीन विकत घेतली, सातबारा नावावर झाला, पण कुंपण जुन्याच जागी आणि नांगरटही तेवढ्याच रानात. नव्या जमिनीत पीक घ्यायचं तर आधी कुंपण सरकवायचं, मग नांगर घालायचा. डिस्क ही जमीन, पार्टिशन हे कुंपण आणि फाइलसिस्टीम ही नांगरट. वाढवण्याचं काम नेहमी खालून वर चालतं: डिस्क, पार्टिशन, मध्ये एलव्हीएम (पार्टिशनांची जागा एकत्र करून हवी तशी वाटून देणारा थर) असेल तर तो, आणि सगळ्यात शेवटी फाइलसिस्टीम. यातला एक जरी थर राहिला तरी वरच्यांना जागा मिळत नाही. म्हणून कुठलीही आज्ञा चालवण्याआधी आपण नेमके कुठल्या थरावर अडलोय, हे बघायची सवय लावून घ्या. इंटरनेटवरून आज्ञा उचलून एकामागून एक चालवणारे अडकतात ते इथेच.

आज्ञांच्या लिखाणाबद्दल एक खुलासा आधीच करतो. इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. ‘डीएफ’ म्हणजे डी आणि एफ ही दोन अक्षरं, ‘ग्रोपार्ट’ म्हणजे ग्रो आणि पार्ट हे दोन इंग्रजी शब्द जोडून. सगळी अक्षरं लहान. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी नीट बघून घ्या

दोन आज्ञा पुरतात:

एलएसबीएलके
डीएफ -एचटी /

दुसऱ्या आज्ञेत ‘टी’ मोठा आहे. तो दिला की फाइलसिस्टीमचा प्रकारही दिसतो, आणि तो पुढे लागणारच आहे.

उबुंटू सर्व्हर नेहमीच्या पद्धतीने, एलव्हीएमसकट बसवलेलं एक मशीन घेऊ. बसवताना डिस्क ५० जीबीची होती, आता १०० केली आहे. एलएसबीएलके साधारण असं दाखवेल:

एसडीए – १००जी – डिस्क
├─एसडीए१ – १एम – पार्ट
├─एसडीए२ – २जी – पार्ट – /बूट
└─एसडीए३ – ४८जी – पार्ट
    └─उबुंटू--व्हीजी-उबुंटू--एलव्ही – २४जी – एलव्हीएम – /

हे चित्र सावकाश वाचा. डिस्क १०० झाली आहे, म्हणजे पहिला थर पार पडला. एसडीए३ हे पार्टिशन ४८ वरच थांबलंय. आणि त्याच्या आतला लॉजिकल व्हॉल्यूम (एलव्हीएमने वाटून दिलेला जागेचा तुकडा), ज्यावर आपली रूट फाइलसिस्टीम, म्हणजे / ही मुख्य फाइलसिस्टीम, बसली आहे, तो फक्त २४.

हे २४ कुठून आले? डिस्क वाढवण्यापूर्वीही इथे निम्मी जागा पडूनच होती. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम वापरताना मुद्दाम सगळी जागा रूटला देत नाही. व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे एलव्हीएमच्या ताब्यातली एकूण जागा, २० ते २०० जीबीच्या दरम्यान असेल तर निम्मी देतो, २०० च्या वर असेल तर १०० जीबी देतो, आणि बाकीची पुढच्या गरजांसाठी मोकळी सोडतो. १ टीबीची डिस्क घेऊन ‘माझ्या सर्व्हरवर १०० जीबीच का दिसतात’ असं विचारणारे लोक बहुधा इथेच अडलेले असतात. त्यांना डिस्क वाढवायची गरजच नाही, पार्टिशनलाही हात लावायचा नाही. थेट एलव्हीएमच्या पायरीवर जायचं.

हात घालण्यापूर्वी

चालू फाइलसिस्टीम वाढवणं हे रोजचं आणि भरवशाचं काम आहे. धोका असतो तो पार्टिशन टेबलला हात लावताना, चुकीच्या डिस्कचं नाव टाइप झालं तर. म्हणून स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) घ्या, नाहीतर बॅकअप ताजा आहे याची खात्री करा. त्याशिवाय पार्टिशन टेबलची नोंदही काढून ठेवा:

सुडो एसएफडिस्क -डी /डेव्ह/एसडीए > टेबल.टीएक्सटी

ही छोटीशी फाइल दुसऱ्या मशीनवर कॉपी करा. (‘सुडो’ म्हणजे पुढची आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणं.) पार्टिशन कुठल्या सेक्टरवर (डिस्कच्या मोजणीच्या लहान तुकड्यावर) सुरू होत होतं हे तिच्यात असतं, आणि काही बिघडलंच तर तो एक आकडा सगळा डेटा परत मिळवून देऊ शकतो.

एक मात्र पक्कं ध्यानात असू द्या: वाढवलेलं कमी करणं सोपं नाही. ईएक्सटी४ या प्रकारची फाइलसिस्टीम लहान करायची तर ती अनमाउंट (वापरातून बाजूला) करावी लागते, म्हणजे रूटच्या बाबतीत मशीन दुसऱ्या माध्यमावरून बूट करणं आलं. एक्सएफएस हा दुसरा प्रकार तर व्यवहारात लहान होतच नाही. म्हणून लागेल तेवढंच वाढवा.

डिस्क वाढली, पण मशीनला कळलं नाही

एलएसबीएलकेमध्ये डिस्कचाच आकडा जुना असेल तर मशीन रीस्टार्ट करण्याआधी हे करून पाहा:

एको १ | सुडो टी /सिस/क्लास/ब्लॉक/एसडीए/डिव्हाइस/रिस्कॅन

इथली ‘टी’ आज्ञा टी-ई-ई अशी तीन अक्षरांची आहे. स्कझी पद्धतीने जोडलेल्या डिस्कसाठी कर्नल यामुळे आकार पुन्हा तपासतो. डिस्कचं नाव व्हीडीए असेल तर नवा आकार सहसा आपोआप समजतो. व्हीएमवेअरमध्ये डिस्कचा आकार बदलायची जागाच बंद दिसली, तर त्या मशीनचे जुने स्नॅपशॉट शिल्लक आहेत का ते बघा. ते काढल्याशिवाय आकार बदलू देत नाहीत.

पार्टिशन वाढवणं

सुडो ग्रोपार्ट /डेव्ह/एसडीए ३

डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा क्रमांक यांच्यामध्ये मोकळी जागा आहे. ‘एसडीए३’ असं जोडून लिहिलं तर आज्ञा चालत नाही, आणि सवयीने हात नेमका तसाच लिहितो. एनव्हीएमई डिस्क असेल तर /डेव्ह/एनव्हीएमई०एन१ आणि मग वेगळा क्रमांक. मधला ‘पी’ इथे लिहायचा नाही. ग्रोपार्ट मशीनवर नसेल तर उबुंटू-डेबियनमध्ये तो क्लाउड-गेस्ट-युटिल्स या पॅकेजात असतो, रेड हॅटच्या घराण्यात क्लाउड-युटिल्स-ग्रोपार्टमध्ये. आधी तालीम करायची असेल तर सुडोनंतरच्या आज्ञेला -एन जोडा, हा ‘एन’ मोठा. काय करणार ते सांगतो, करत काही नाही.

काम झालं की ‘चेंज्ड’ या शब्दाने सुरू होणारा निरोप येतो. त्यात ‘स्टार्ट’ हा सुरुवातीचा सेक्टर आणि जुने-नवे आकार असतात. सुरुवातीचा सेक्टर जसाच्या तसा राहायला हवा, बदलतं ते फक्त शेवटचं टोक. पार्टिशन वाढवण्याचा सगळा जीव या एका अटीत आहे. अनेक जुन्या मार्गदर्शकांत एफडिस्कने पार्टिशन पुसून त्याच जागी मोठं पार्टिशन पुन्हा बनवायला सांगितलेलं असतं. ती पद्धत चुकीची नाही. पुसली जाते ती टेबलमधली नोंद, डेटा नव्हे. पण सुरुवात एका सेक्टरने जरी हलली तरी फाइलसिस्टीम सापडत नाही. शिवाय एफडिस्क मध्येच विचारतो की इथे ईएक्सटी४ची खूण आढळली, ती काढू का? घाईत ‘हो’ म्हणणारे पुष्कळ असतात. उत्तर ‘नाही’ हेच. नवख्याने या वाटेला जाऊच नये, ग्रोपार्ट असताना त्याची गरजही नाही.

जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर टेबलची एक प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. डिस्क वाढली की ती प्रत मधेच कुठेतरी राहून जाते, आणि पार्टेड हे पार्टिशन बदलायचं हत्यार उघडलं की ते ‘सगळी जागा वापरली जात नाहीये, दुरुस्त करू का’ असं विचारतो. घाबरू नका, ‘फिक्स’ म्हणा. ग्रोपार्ट हे स्वतःच निस्तरतो. जुन्या एमबीआर पद्धतीची डिस्क असेल तर मात्र ५१२ बाइटच्या सेक्टरला २ टीबीची मर्यादा आहे. त्यापुढची जागा कितीही दिली तरी पार्टिशनला मिळणार नाही.

आता पुन्हा एलएसबीएलके. एसडीए३ पुढे ९८जी दिसायला हवेत.

मध्ये स्वॅप आडवा येतो तेव्हा

‘चेंज्ड’च्या जागी ‘नोचेंज’ आला आणि पार्टिशन वाढवता येत नाही असं सांगितलं, तर बहुतेक वेळा कारण एकच: पार्टिशन फक्त आपल्या लगेच पुढच्या मोकळ्या जागेत वाढू शकतं, आणि तिथे दुसरं कोणी बसलंय. डेबियन साध्या पद्धतीने बसवलं की हे नेहमी होतं. एसडीए१ वर रूट, त्यामागे एसडीए२ हे एक्स्टेंडेड पार्टिशन, आणि त्याच्या पोटात एसडीए५ वर स्वॅप. नवी जागा स्वॅपच्या पलीकडे पडून राहते.

स्वॅप म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. तिच्यात जपून ठेवण्यासारखं काही नसतं, त्यामुळे ते हलवणं सोपं आहे. मेमरी पुरेशी मोकळी आहे हे ‘फ्री -एच’ने बघा, मग ‘सुडो स्वॅपऑफ -ए’. पार्टेडमध्ये आधी ५ आणि मग २ क्रमांकाचं पार्टिशन काढा. क्रमांक टाइप करताना एलएसबीएलकेचं चित्र शेजारच्या खिडकीत उघडं ठेवा. त्यानंतर ग्रोपार्ट एसडीए१ ला मुकाट्याने वाढवेल. फाइलसिस्टीम वाढवून झाली की स्वॅप फाइलच्या रूपात परत आणा:

सुडो फॅलोकेट -एल २जी /स्वॅपफाइल
सुडो सीएचमॉड ६०० /स्वॅपफाइल
सुडो एमकेस्वॅप /स्वॅपफाइल
सुडो स्वॅपऑन /स्वॅपफाइल

पहिल्या ओळीत ‘एल’ लहान, ‘जी’ मोठा. पुढची पायरी बरेच जण विसरतात: बूट होताना काय जोडायचं याची यादी असलेल्या /ईटीसी/एफएसटॅबमधली जुन्या स्वॅपची ओळ काढून तिथे नव्या फाइलची ओळ घालायची. डेबियनवर आणखी एक जागा आहे. /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/ या फोल्डरमधल्या ‘रिझ्यूम’ फाइलीत जुन्या स्वॅपचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) लिहिलेला असू शकतो. तो तसाच राहिला तर पुढच्या बूटला मशीन अस्तित्वात नसलेल्या त्या पार्टिशनची वाट बघत थबकतं आणि मग पुढे जातं. सर्व्हर अडकला असं वाटून लोक हादरतात. त्या फाइलीत ‘रिझ्यूम=नन’ लिहा (यात ‘रिझ्यूम’ मोठ्या अक्षरांत, ‘नन’ लहान) आणि ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा.

आडवं आलेलं पार्टिशन स्वॅपचं नसून डेटाचं असेल, किंवा मोकळी जागा आपल्या पार्टिशनच्या अलीकडे असेल (घरच्या संगणकावर विंडोजची जागा कमी केली की असं होतं), तर चालू मशीनवर हे काम होणार नाही. पेन ड्राइव्हवरून जीपार्टेड बूट करा आणि पार्टिशन सरकवा. त्यात डेटा खरोखर एकीकडून दुसरीकडे हलतो, वेळ लागतो आणि मध्येच वीज गेली तर नुकसान होतं; तिथे बॅकअपशिवाय पाऊल टाकू नका.

एलव्हीएमचा थर

एलएसबीएलकेमध्ये ‘एलव्हीएम’ हा शब्द दिसत नसेल तर हा भाग सोडून पुढे जा. आपल्या उदाहरणात तो आहे. पार्टिशन वाढलं, आता एलव्हीएमला सांगायचं:

सुडो पीव्हीरिसाइझ /डेव्ह/एसडीए३
सुडो व्हीजीएस

व्हीजीएसच्या उत्तरात ‘व्हीफ्री’ या रकान्यात <७४.००जी असं काहीसं दिसेल. आकड्यापुढची ती खूण म्हणजे ‘किंचित कमी’ एवढंच. ही ७४ जीबी आता वाटायला मोकळी आहेत. यातली ४० रूटला देऊ:

सुडो एलव्हीएक्सटेंड -आर -एल +४०जी /डेव्ह/उबुंटू-व्हीजी/उबुंटू-एलव्ही

इथला ‘एल’ मोठा आहे, ‘जी’ही मोठा, ‘आर’ लहान. अधिकची खूण विसरू नका. ती नसेल तर ‘एकूण ४० करा’ असा अर्थ होतो. सगळीच जागा द्यायची तर लहान ‘एल’ वापरून ‘-एल +१००%फ्री’ लिहितात, यात ‘फ्री’ मोठ्या अक्षरांत. माझा सल्ला मात्र सगळी न देण्याचा आहे. पुढे डेटाबेससाठी वेगळा व्हॉल्यूम लागला किंवा मोठ्या अपग्रेडआधी एलव्हीएमचा स्नॅपशॉट घ्यायचा ठरला, तर मोकळी जागा हाताशी असावी. रूट पुन्हा वाढवायला अर्धा मिनिटही लागत नाही.

एलएसबीएलकेमध्ये हेच नाव ‘उबुंटू--व्हीजी-उबुंटू--एलव्ही’ असं दुहेरी आडव्या रेघांनी दिसलं होतं. तो डिव्हाइस मॅपर या कर्नलच्या भागाचा खाक्या आहे: ग्रुपचं आणि व्हॉल्यूमचं नाव जोडायला तो एक रेघ वापरतो, म्हणून नावात मुळातच असलेली रेघ दोनदा लिहितो. दोन्ही एकाच वस्तूचे पत्ते.

‘-आर’मुळे आतली फाइलसिस्टीमही त्याच आज्ञेत वाढते, मग ती ईएक्सटी४ असो वा एक्सएफएस. तो विसरला तरी बिघडत नाही. पुढची पायरी हाताने करायची इतकंच.

शेवटचा थर: फाइलसिस्टीम

डीएफच्या उत्तरातला प्रकार इथे कामी येतो, कारण प्रत्येकाचं हत्यार वेगळं.

ईएक्सटी४ असेल तर डिव्हाइसचं नाव द्यायचं, आकार सांगायची गरज नाही; खाली जेवढी जागा असेल तेवढी ती घेते:

सुडो रिसाइझ२एफएस /डेव्ह/एसडीए१

एलव्हीएम असेल तर एसडीए१ च्या जागी लॉजिकल व्हॉल्यूमचा पत्ता. ‘माउंट केलेली आहे, ऑनलाइन रिसाइझिंग लागेल’ अशी ओळ येते तेव्हा नवखे हात आखडता घेतात. ती नुसती माहिती आहे, इशारा नव्हे. आपल्या उदाहरणात शेवटी फाइलसिस्टीम आता सुमारे १ कोटी ६७ लाख ब्लॉकांची झाली असा निरोप येईल. एक ब्लॉक ४ केबीचा, म्हणजे ६४ जीबी. काम काही सेकंदांत होतं, कारण जुना डेटा जागचा हलतच नाही. नव्या जागेत नवे ब्लॉक ग्रुप मांडले जातात आणि त्यांची नोंद होते.

एक्सएफएसला डिव्हाइस नव्हे, माउंट केलेली जागा सांगायची:

सुडो एक्सएफएस_ग्रोएफएस /

एक्सएफएस वाढवायची तर ती माउंट केलेलीच असावी लागते. अनमाउंट करून वाढवायला गेलात तर होणार नाही. सिलिकॉन ग्राफिक्सने १९९३ मध्ये मोठमोठ्या फाइलींसाठी हिचं काम सुरू केलं, आणि २०१४ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ पासून त्या घराण्यात तीच मूळची फाइलसिस्टीम आहे. एक बारकावा आहे. एक्सएफएस बनताना तिच्या अलोकेशन ग्रुपचा आकार ठरतो तो कायमचा. फार लहान बनवून नंतर शेकडो पटींनी वाढवली तर या ग्रुपांची संख्या बेसुमार होते आणि वेग मंदावतो. दुप्पट-चौपट करायला काहीच हरकत नाही. १० जीबीची ५ टीबी करायची वेळ आली तर नवी बनवून डेटा हलवणं बरं.

फेडोरा वर्कस्टेशनवर बीटीआरएफएस भेटेल. तिथे ‘सुडो बीटीआरएफएस फाइलसिस्टम रिसाइझ मॅक्स /’ एवढंच.

रिसाइझ२एफएसने ‘बॅड मॅजिक नंबर’ अशी तक्रार केली तर डिस्क बिघडली असं समजू नका. बहुधा ती एक्सएफएस आहे आणि तुम्ही ईएक्सटी४चं हत्यार उचललंय, किंवा फाइलसिस्टीम ज्या लॉजिकल व्हॉल्यूमवर आहे त्याऐवजी खालच्या पार्टिशनचं नाव दिलंय.

आकडा तरी जुळत नाही

‘डीएफ -एच’मध्ये ६४ ऐवजी ६३ दिसतील, आणि वापरायला मोकळी जागा त्याहून कमी. ईएक्सटी४ काही जागा स्वतःच्या नोंदींना घेते आणि ५ टक्के रूट वापरकर्त्यासाठी राखून ठेवते, म्हणजे डिस्क भरली तरी प्रशासकाला आत येऊन साफसफाई करता येते. रूट फाइलसिस्टीमवर ही राखीव जागा तशीच राहू द्या. नुसत्या डेटाच्या मोठ्या व्हॉल्यूमवर ‘सुडो ट्यून२एफएस -एम १’ आणि पुढे डिव्हाइस देऊन ती १ टक्क्यावर आणता येते. आणि दुकानातली १ टीबीची डिस्क लिनक्समध्ये ९३१जी दिसते, कारण विकणारा हजाराने मोजतो आणि या आज्ञा १०२४ ने.

जागा शिल्लक दिसूनही ‘नो स्पेस’ची तक्रार येत असेल तर ‘डीएफ -आय’ बघा. लाखो छोट्या फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलीमागे लागणारी नोंदीची जागा) संपवलेले असू शकतात. ईएक्सटी४ वाढवली की नव्या ग्रुपांबरोबर नवे आयनोडही येतात, त्यामुळे तिथेही वाढवणं उपयोगी पडतं.

डिस्क १०० टक्के भरल्यावर

बरेच जण वाढवायला येतात तेच डिस्क ठासून भरल्यावर, आणि मग ग्रोपार्टच ‘जागा नाही’ म्हणून थांबतो. त्याला काम करायला /टीएमपीमध्ये थोडी जागा लागते. आधी ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम’ (शेवटचा ‘एम’ मोठा) चालवून जुने लॉग कमी करा; पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर मेमरीतली जागा तात्पुरती तिथे बसवा:

सुडो माउंट -टी टीएमपीएफएस -ओ साइझ=१०एम टीएमपीएफएस /टीएमपी

इथे सगळी अक्षरं लहान. ग्रोपार्ट झाला की ‘सुडो यूमाउंट /टीएमपी’ने ती काढा; आज्ञा यू-माउंट अशी आहे, अन-माउंट नव्हे. पलीकडे एलव्हीएमही अडू शकतो, कारण तो प्रत्येक बदलाआधी आपल्या नोंदींची प्रत /ईटीसी/एलव्हीएममध्ये लिहायला बघतो. तेव्हा एलव्हीएक्सटेंडला ‘-एएन’ जोडा, ‘ए’ मोठा आणि ‘एन’ लहान; ती प्रत न लिहिता तो पुढे जातो. जागा मिळाल्यावर ‘सुडो व्हीजीसीएफजीबॅकअप’ चालवून ती राहिलेली प्रत लिहून घ्या.